बिघाड साईजच्या तक्त्यात आहे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत लगीनसराईनिमित्त प्रसिद्ध झालेला फॅशनविषयक मजकूर मी आवडीने वाचला. कपड्यांचा मला कॉलेजच्या दिवसांपासून शौक आहे आणि नवी साडी नेसून आरशासमोर दहा मिनिटे घालवण्यात मला संकोच वाटत नाही. मात्र त्या मजकुरातील दोन सल्ले खटकले. सावळ्या मुलींनी गडद रंग टाळावेत हा एक, आणि लग्नापूर्वी कपड्याचा साईज दोन अंकांनी खाली आणावा हा दुसरा.

रंगाबद्दल फार लिहीत नाही. इरकलीचा गर्द निळा आणि खणाचा जांभळा ज्यांच्या अंगावर पिढ्यानपिढ्या शोभला, त्या बहुतेक बायका सावळ्याच होत्या. त्वचेच्या रंगावरून कोणाला कमी लेखणारी जाहिरात करू नये, असे भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्येच बजावले आहे आणि १९७५ पासून बाजारात असलेल्या 'फेअर अँड लव्हली'नेही २०२० मध्ये नावातले 'फेअर' काढून टाकले. जाहिरातदारांनी निदान नावापुरते सोडलेले फॅशनच्या पानाने धरून ठेवावे, हे नवल आहे.

साईजचा सल्ला मात्र अधिक घातक वाटतो, कारण तो शास्त्रीय असल्यासारखा भासतो. आपल्याकडील तयार कपड्यांचे साईज बऱ्याच अंशी परदेशी तक्त्यांवरून बेतलेले असतात. भारतीय शरीरांची मापे घेऊन स्वतंत्र तक्ता तयार करण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेला, म्हणजे 'निफ्ट'ला, मुंबईसह सहा शहरांतील १५ ते ६५ वयोगटातल्या २५ हजार स्त्री-पुरुषांची थ्री-डी स्कॅनरने मापे घेण्याचा प्रकल्प हाती घ्यावा लागला, यातच सर्व काही आले. एका कंपनीचा 'मीडियम' सैल होतो आणि दुसरीचा दंडात अडकतो, तेव्हा बिघाड तक्त्यात असतो. पण ट्रायल रूममधली मुलगी बाहेर येते ती स्वतःच्या दंडाला दोष देत.

मला कपडे कळले ते दोन-तीन ठिकाणांमुळे, आणि त्यांपैकी कोणीही मला बारीक व्हायला सांगितले नाही. पहिले म्हणजे आमच्या गल्लीतले शिंपीकाका. त्यांनी शिवलेला ब्लाउज उलटा करून पाहिला, तर बाजूला आत दोन बोटे कापड सोडलेले आणि ओळीने तीन शिलाया मारलेल्या दिसतात. बाळंतपणानंतर एक उसवायची, पुढे गरज पडली तर दुसरी. शरीर बदलणारच, हे त्या शिवणीत आधीच धरलेले असते. ओव्हरलॉक करून कापडाची धारच छाटून टाकलेल्या तयार कुर्त्यात ती सोय नाही. दुसरे ठिकाण पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील वस्त्रदालन. कापड कसे पडते, काठ कुठे जड करायचा, हे तिथे तासभर उभे राहून जितके उमगते तितके शंभर रील पाहून उमगत नाही. (रील मीही पाहते, हे कबूल.)

तिसरे ठिकाण म्हणजे दिवाळी अंकांची जुनी मुखपृष्ठे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या चित्रकारांच्या चित्रांतून पदर, अंबाडा आणि दागिन्यांची किती वळणे शिकायला मिळतात! त्या स्त्रियाही अवास्तवच होत्या, हा आक्षेप मला मान्य आहे. मुळगावकरांच्या स्प्रे तंत्राने रंगवलेल्या गालांवर एक सुरकुती सापडायची नाही. फरक इतकाच, की ते चित्र आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक होते. आजचे छायाचित्र मात्र कंबर कोरून, त्वचा घासूनपुसून छापले जाते आणि तरीही 'फोटो' म्हणून, म्हणजे पुरावा म्हणून, समोर येते. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलची अंगकाठी बदललेल्या व्यावसायिक छायाचित्रावर तसे लिहावे लागते, आणि नॉर्वेने २०२२ पासून जाहिरातींसाठी तसाच नियम लागू केला, जो पैसे घेऊन प्रचार करणाऱ्या इन्फ्लुएन्सरनाही बंधनकारक आहे. आपल्याकडे कायदा होईपर्यंत थांबण्याची वृत्तपत्राला गरज नाही.

म्हणून एक विनंती. पुरवणीत कपड्याच्या किमतीबरोबर मॉडेलची उंची, तिने घातलेला साईज, कापडाचा प्रकार आणि आत किती मार्जिन सोडले आहे, एवढी माहिती छापावी. छायाचित्रात फेरफार केला असल्यास तसे खाली नमूद करावे. आणि पुढील लगीनसराईच्या अंकासाठी मॉडेल निवडताना ४० आणि ४२ छातीच्या मापाच्या दोघी तरी घ्याव्यात. त्यांचे ब्लाउज कसे बेतावेत याबद्दल चार ओळी लिहायला एखाद्या अनुभवी शिंप्याला सांगितले, तर ते पान मी कापून ठेवीन.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
सोलापूर