पाण्याच्या वाटेनं

नागपूर,
१४ डिसेंबर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. रत्नागिरीत भाट्याच्या वाळूवर रोज सकाळी पळतोस, हे वाचून फार बरं वाटलं. पण शेवटी तू लिहिलंस, की संक्रांतीला नागपूरला आलास की आठ दिवस पळणं बंदच, कारण तिथे पळण्यासारखं आहे काय! ते वाक्य दोन दिवस टोचत राहिलं. तू इथेच लहानाचा मोठा झालास, म्हणून जास्तच टोचलं. तेव्हा हे पत्र लांबणार, चहा घेऊन बस.

मागच्या फेब्रुवारीत तुझ्याकडे आलो होतो, ते पळणं मी विसरलेलो नाही. ओहोटीनं उघडी पडलेली ओली, घट्ट वाळू, एका हाताला सुरूचं बन, पुढे काजळी नदीचं मुख. निघायच्या आधी तू भरतीची वेळ बघायचास. रोज ती साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून सोमवारी सहाला मिळालेली वाट शनिवारी त्याच वेळी पाण्याखाली असते, हे तूच मला सांगितलंस. उधाणाची मोठी भरती आणि भांगाची लहान भरती हे शब्दही तुझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकले. पाणी कुठे आहे हे कळल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, ही तुमच्या किनाऱ्याची रीत मला मनापासून आवडली.

ती रीत मला इथे आधीच शिकायला हवी होती. २०२३ ची महालक्ष्म्यांची रात्र तुला फोनवर सांगितली होती, पण नीट कधी लिहिलं नाही. शुक्रवारी जेवणावळ झाली, सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी सगळं. शनिवारी, २३ सप्टेंबरला, विसर्जन होतं. मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला आणि काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पडला. अंबाझरी तलाव सांडव्यावरून वाहू लागला, नाग नदी पात्रात मावेना, आणि पहाटे आमच्या ले-आउटमध्ये कमरेएवढं पाणी होतं. आईला मी पाठीवर घेऊन वरच्या मजल्यावर नेलं. दोन्ही महालक्ष्म्या मखरातून उचलून वर नेल्या त्या शेजारच्या पोट्ट्यांनी. देवघर, गहू, बाबांची पुस्तकं, सगळं चिखलात गेलं.

चिखल काढताना एकच गोष्ट मनात घोळत होती. त्या तलावाच्या पाळीवर आपण दोघं कॉलेजपासून पळत आलो. किती फेऱ्या झाल्या असतील! पण हे पाणी येतं कुठून आणि भरल्यावर जातं कुठे, हे एकदाही विचारलं नाही. आमचं घर त्या वाटेवर आहे, हे मला पाणी दारात आल्यावर कळलं.

दोन महिने पळलोच नाही. पाळीकडे जायचीसुद्धा इच्छा होत नव्हती. मग एका थंड पहाटे उठलो आणि उलट्या दिशेनं निघालो, पश्चिमेकडे, पाणी जिथून येतं तिकडे. तेव्हापासून माझे सगळे रस्ते पाण्याच्या हिशेबानं ठरतात. तुला तेच दाखवायचे आहेत.

पहिला अंबाझरीचा. तलावामागे जैवविविधता उद्यान आहे, शेकडो हेक्टरचं. तिथे गेलास की शहर पाठीमागे पडतं. कमरेएवढं वाळलेलं गवत, मधून मुरमाची वाट, मध्येच बाभळी आणि पळस. मोर हमखास दिसतात, आणि नशीब असेल तर रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळपही दिसतो. रोही दिसला की थांबायचं, त्याला आधी जाऊ द्यायचं. मुरूम पायाला चांगला, गुडघ्यांना डांबरापेक्षा खूप हलका. फक्त काळी माती आली की जपून. पावसाळ्यात ती बुटाला किलोकिलोनं चिकटते, आणि जानेवारीत वाळून अशा भेगा पडतात की घोटा मुरगळायला एक पाऊल पुरे. तुझे पाय आता सपाट वाळूला सरावलेत, म्हणून मुद्दाम सांगतोय.

तिथून पाळीवर यायचं आणि विवेकानंदांच्या पुतळ्याजवळच्या ओव्हरफ्लोपाशी दोन मिनिटं उभं राहायचं. मी रोज राहतो. इथून नाग नदी शहरात शिरते, पुढे पूर्वेला तिला गोरेवाड्याकडून आलेली पिवळी नदी मिळते, मग दोघी कन्हानला, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा प्राणहितेतून गोदावरीला. म्हणजे माझ्या घरात शिरलेलं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात गेलं, आणि तुझी काजळी अरबी समुद्राला मिळते. तुझ्या-माझ्या पायाखालचं पाणी कधी एकत्र येत नाही, याचं मला उगाच वाईट वाटतं.

दुसरा रस्ता फुटाळा तलावावरून सेमिनरी हिल्सच्या टेकडीचा. चौपाटीची बाजू सोडून दे, तिथे संध्याकाळची गर्दी तुला माहीत आहेच. पण पहाटे साडेपाचला पलीकडच्या झाडीवर धुकं असतं, तलाव अगदी स्थिर असतो, आणि पाणकावळे लाकडावर पंख पसरून बसलेले असतात. तिथून टेकडीचा चढ घ्यायचा. चढ मोठा नाही, पण श्वास मोजायला लावतो. जानेवारीत वाटेवर सागाची पानं पडू लागतात, ताटाएवढी. त्यावरून पळताना असा आवाज होतो की मागून कुणी येतंय असं वाटतं.

या टेकडीचं एक तुला सांगायचंच आहे. सेमिनरी हिल्स म्हणजे लाव्हाचा दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर जो लाव्हा पसरला, त्याचा पूर्वेकडचा काठ आपल्या शहरातून जातो. पश्चिम नागपूर त्या काळ्या पाषाणावर उभं आहे, आणि पूर्वेला गेलं की त्याहून कितीतरी जुना खडक वर येतो. टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीचं नाव गिट्टीखदान, ते उगीच नाही. तिथेच जवळ टाकळीला एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप यांना लाव्हाच्या थरांमध्ये दबलेले जीवाश्म सापडले होते. आपण ज्यांच्या नावाच्या कॉलेजात शिकलो, तेच हिस्लॉप. आणि रत्नागिरीच्या तुझ्या जांभ्याखालीही हाच काळा पाषाण आहे. तो आपल्या गावी येऊन संपतो. तू म्हणतोस नागपूरला किनारा नाही. मी त्या टेकडीवर उभा राहिलो की मला तो पायाखाली लागतो.

तिसरा गोरेवाडा. हा तलाव १९१२ साली शहराला पाणी पाजण्यासाठी बांधला. मागे खरंखुरं जंगल आहे आणि त्यात बिबट्या आहे, म्हणून तिथे मी एकट्यानं, अंधारात कधीच जात नाही. चांगलं उजाडल्यावर, रस्त्यानं, आणि कानात काही न घालता. तूही तसंच करायचं, यात हट्ट नको.

हवेचं मात्र मनावर घे. रत्नागिरीत घाम अंगावर राहतो, म्हणून तू आपोआप पाणी पितोस. इथली हवा कोरडी, घाम येतो तसाच उडून जातो, आणि तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो. शर्टावर मिठाची पांढरी रेघ उमटली की समजायचं, कमी प्यायलो. उन्हाळ्यात तर हा जिवाचा प्रश्न. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश होतं, आणि नवतप्यात, मे अखेरच्या त्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, मी साडेचारला निघून सहाच्या आत घरी असतो. थंडी तुला लागेल. २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ पर्यंत उतरला होता. यंदा काय होतं बघू, पण कानटोपी आणच.

तर संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी तुझ्या दारात येतो. उद्यानाच्या पश्चिम टोकापासून सुरुवात करू, तलावाच्या कडेनं पाळीवर, ओव्हरफ्लो, आणि तिथून नदी धरून आमच्या घरापर्यंत. पाणी आलं होतं तसंच यायचं. एकट्यानं हा शेवटचा तुकडा मी अजून पुरा केलेला नाही. दर वेळी ओव्हरफ्लोपासून मागे फिरतो. तू सोबत असलास तर होईल.

आई तर्रीपोहे करणार आहे, वरून चिरलेला सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, आणि कच्चा कांदा. आमसुलं आणायला तिनं तुला बजावून सांगितलंय. बूट जुनेच आण. आणि आलास की हॉलमधली भिंत बघ. बाकी घर रंगवलं, पण पाण्याची रेघ तेवढी मी तशीच ठेवली आहे.

वाट बघतो.

तुझाच,
पाळीवरचा जुना सोबती