ब्रह्मपुत्रेचा नकाशा पूर्ण छापा

संपादक साहेब, नमस्कार.

चीनच्या मेदोग धरणाची बातमी आली की सोबतच्या नकाशात ब्रह्मपुत्रा अरुणाचलच्या टोकाला सुरू होते आणि आसामात धुबरीपाशी, बांगलादेशच्या हद्दीला संपते. कृपया अख्खी नदी दाखवा. आमची वाशिष्ठी सह्याद्रीत उगवते आणि दाभोळला समुद्राला मिळते, सगळं एकाच जिल्ह्यात, त्यामुळे कोकणातल्या माणसाला एवढी लांब नदी नकाशाशिवाय डोळ्यासमोर येतच नाही.

ब्रह्मपुत्रा कैलास-मानसरोवराच्या बाजूला उगवते, यारलुंग त्सांगपो नावाने तिबेटात सुमारे १६०० किमी पूर्वेला जाते, मग ७७८२ मीटर उंचीच्या नामचा बरवा शिखराला वळसा मारून दक्षिणेला वळते आणि तिथल्या घळीत साधारण ५० किमीत २००० मीटर खाली उतरते, म्हणून तर तिथेच मेदोग धरणाच्या ६० हजार मेगावॉट विजेचं काम जुलै २०२५ ला सुरू झालंय. अरुणाचलात ती सियांग, लोहित-दिबांग मिळाल्यावर ब्रह्मपुत्रा, बांगलादेशात जमुना.

आता 'चीन पाणी तोडणार' हे सगळे लिहितात, पण तिबेटचं पठार पर्जन्यछायेत आहे हो, नदी खरी भरते ती हिमालयाच्या अलीकडे, आपल्याकडच्या पावसाने आणि उपनद्यांनी. मला भीती वाटते ती पाणी अचानक येण्याची. २००० साली तिबेटात दरड कोसळून यिगाँग उपनदी अडली, जूनमध्ये तो बांध फुटला आणि सियांगच्या खोऱ्यात पूल, घरं, माणसं वाहून गेली. चिपळूणने जुलै २०२१ चा पूर पाहिलाय, वरची खबर दोन तास आधी मिळाली तर माणूस निदान म्हाताऱ्यांना माळ्यावर नेतो, गुरं सोडतो, दुकानातला माल वर टाकतो.

तिकडे ही खबर दुसऱ्या देशाकडून यायची असते. चीनशी झालेल्या २००२ च्या कराराने पावसाळ्यात तिबेटातल्या नुगेशा, यांगकुन आणि नुशिया या तीन ठिकाणची पाणीपातळी आपल्याला मिळायला लागली, २०१७ ला डोकलामच्या सीमावादाच्या वेळी ती आलीच नाही, आणि २०२३ ला कराराची मुदतच संपली. धरण किती मोठं याच्यावर पानं भरतात, पण अरुणाचलात सियांगकाठी राहणाऱ्या पासीघाटच्या माणसाला वरची पातळी कळणार की नाही हे कोणी विचारत नाही, याचं फार वाईट वाटतं.

तर पुढच्या बातमीत ही तीन ठिकाणं नकाशावर टाका, आणि यंदा तिथले आकडे येतायत का हे दिल्लीतल्या तुमच्या वार्ताहराला विचारायला सांगा.

एक वाचक, चिपळूण