माझ्या .308 च्या नळीवर आटे पाडून देणाऱ्या काकांना

प्रिय काका,

मझल ब्रेक, म्हणजे वायू बाजूला फेकून रायफलचा धक्का कमी करणारा नळीच्या तोंडावरचा तुकडा, बसवण्यासाठी तुम्ही माझ्या .308 रायफलच्या नळीवर आटे पाडून दिलेत. लांबी म्हणाल तर जेमतेम दोन सेंटिमीटर. पण एवढ्याशा कामात तुम्ही घेतलेली काळजी मी जवळून पाहिली आणि त्याबद्दल चारचौघांत आभार मानावेत असं वाटलं. 'आटेच तर पाडायचे, कुठलाही टर्नर पाडून देईल' असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांनीही हे पत्र वाचावं.

आधी तुम्ही परवान्याची कागदपत्रं पाहिलीत, आणि नळीवर नेमकं काय बसवायचं आहे ते विचारलंत. मगच व्हर्नियर हातात घेतला. पाच सुताचे (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे 15.875 मिमी व्यासाचे, इंचाला 24 आटे पाडायचे तर नळी त्याहून चांगली जाड लागते, कारण ब्रेक टेकायला मागे खांदा, म्हणजे सपाट पायरी, उरला पाहिजे. आट्यांच्या तळाशी साधारण साडेचौदा मिमी उरणार, त्यातून गोळीचे 7.82 मिमी गेले की भिंत कशीबशी साडेतीन मिमीच्या आत-बाहेर राहते, हा हिशेब तुम्ही कागदावर मांडून दाखवलात. नळी बारीक असेल तर तुम्ही काम घेतच नाही, हेही तेव्हाच सांगितलंत. दारी आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायची तयारी असलेला कारागीर भेटला की जिवाला स्वस्थता वाटते. ही स्वस्थता मला पहिल्या पाच मिनिटांतच मिळाली.

पण खरे आभार मानायचे आहेत ते नळी लेथवर धरण्याच्या कामाचे. नळी बाहेरून कितीही गोल आणि गुळगुळीत दिसो, आतला बोअर, म्हणजे गोळी जाण्याचं भोक, तिच्या बरोबर मधून जाईलच असं नाही. लांब भोक पाडताना ड्रिल थोडं सरकतंच. बाहेरचं अंग धरून आटे पाडले तर ते त्या अंगाशी जुळतील, गोळी मात्र बोअरच्या वाटेने जाणार. तुम्ही फोर-जॉ, म्हणजे वेगवेगळे हलणाऱ्या चार जबड्यांच्या, चकमध्ये नळी धरलीत, बोअरमध्ये चपखल बसणारी घोटीव दांडी घातलीत आणि तिच्यावर डायल इंडिकेटरची सुई टेकवलीत. चक हाताने फिरवायचा, सुई कुठे हलते ते पाहायचं, एक जॉ किंचित सैल करून समोरचा आवळायचा, पुन्हा फिरवायचं. हे इतका वेळ चाललं की प्रत्यक्ष आटे पाडायला त्याच्या निम्माही वेळ लागला नसेल. सुई जागची हलेनाशी झाली तेव्हाच तुम्ही टूलला हात लावलात.

एवढा खटाटोप कशासाठी, ते ब्रेक हातात घेतल्यावर कळतं. माझ्या ब्रेकचं भोक गोळीपेक्षा अर्धा मिलिमीटरच मोठं आहे. म्हणजे चहूबाजूंनी पाव मिलिमीटरची फट. आटे किंवा खांदा जरासा तिरपा झाला तर ब्रेकच्या पुढच्या टोकापर्यंत जाता जाता तो तिरपेपणा वाढतो आणि गोळी कडेला घासते. मग नेम तर बिघडतोच, शिवाय ब्रेक फुटून माणसालाही इजा होऊ शकते. डाय, म्हणजे आटे पाडायची तयार चकती, फिरवून हे काम लवकर उरकता आलं असतं. पण डाय बाहेरच्या अंगावर चालते आणि सुरुवातीलाच कलली तर शेवटपर्यंत कललेलीच राहते. म्हणून तुम्ही लेथवर एकाच टूलने, दर फेरीला थोडा थोडा कट घेत आटे पाडलेत. त्याच सेटिंगमध्ये, नळी चकमधून न काढता, खांदाही बोअरशी काटकोनात घेतलात.

क्राउनही तुम्ही त्याच वेळी नव्याने कापलात, 11 अंशांचा. गोळी नळीला शेवटचा स्पर्श करते ती हीच कड. ती एका बाजूला जरी खरवडलेली असेल तरी मागून येणारा वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो. काम झाल्यावर तुम्ही कानात घालायची कापसाची काडी बोअरमधून बाहेर ओढलीत आणि ती माझ्यासमोर धरलीत. कडेवर बारीकसा बर, म्हणजे कापताना राहिलेली धातूची कुसळ, असता तर कापसाचा एखादा तंतू तिथे अडकला असता. एकही अडकला नव्हता.

ब्रेक नीट जुळवायला तुम्ही दबणारा वॉशर न वापरता शिम, म्हणजे धातूच्या पातळ चकत्या, लावल्यात, हेही मला पटलं. दबणारा वॉशर सगळीकडून सारखा दबेल याची खात्री नसते. आटे आणि खांदा एवढ्या मेहनतीने सरळ केल्यावर शेवटी त्यावर कशाला विसंबायचं?

आता रेंजवरची हकिगत. ब्रेक बसवल्यावर झीरो, म्हणजे स्कोपची नेमाशी केलेली जुळणी, सरकेल, असं तुम्ही सांगितलं होतं. सरकला, आणि नव्याने लावून घेतला. गट, म्हणजे निशाणावरच्या भोकांचा पुंजका, मात्र पहिल्याइतकाच घट्ट आहे. थोड्या गोळ्या झाडून झाल्यावर ब्रेक काढून क्राउन पाहिला. नळीच्या आतल्या पिळदार खाचांच्या संख्येइतकी तांब्या-काजळीची बोटं, सगळी सारख्या लांबीची, चांदणीसारखी उमटलेली. खांद्याच्या दुखण्यापायी .308 सोडायच्या बेतात होतो, काका. आता धक्का इतका कमी झाला आहे की गोळी लागलेली स्कोपमधूनच दिसते. डोळा निशाणावरून हलतच नाही.

आवाजाबद्दल तुम्ही बजावलंत ते बरं झालं. ब्रेक वायू बाजूला फेकतो, त्यामुळे शेजारच्या लेनवाल्याला आवाज रायफल चालवणाऱ्यापेक्षा जास्त लागतो. मी आता टोकाची लेन घेतो आणि कानात प्लग घालून वर मफही लावतो. शेजारी कुणी आलं तर आधी सांगतो. ज्यांना ज्यांना ब्रेक लावायचा आहे त्यांना तुमची ही सूचना मी आवर्जून ऐकवतो.

तुमच्या हाताखालच्या मुलाचेही आभार. त्याने स्वतःहून गो, नो-गो गेज (एक बसलं पाहिजे, दुसरं बसता कामा नये) लावून आटे तपासले आणि नुसत्या आट्यांना धक्का लागू नये म्हणून संरक्षक टोपी बसवून दिली.

माझ्या एका मित्राला त्याच्या .22 वर चार सुती, 28 आट्यांचं काम करून घ्यायचं आहे. त्याला तुमच्याकडेच पाठवतोय. परवाना बरोबर आण, आणि काका नळी मोजून नाही म्हणाले तर वाद घालू नकोस, असं त्याला बजावलं आहे.

आपला कृतज्ञ,
टोकाच्या लेनमधला नेमबाज