'पासून'ने केलेला घोटाळा

महोदय,

शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या नोकऱ्यांसाठी जे इंग्रजी अर्ज लिहिले जातात, त्यांत एक वाक्य हमखास असते : 'आय ॲम वर्किंग सिन्स थ्री इयर्स.' यावरून उमेदवाराला ढ ठरवणे अन्यायाचे आहे. त्याच्या मनातले 'मी तीन वर्षांपासून काम करतो आहे' हे मराठी वाक्य अगदी बिनचूक असते. मराठीत 'जूनपासून' आणि 'तीन वर्षांपासून' दोन्हींना 'पासून' एकच. इंग्रजी मात्र सुरुवात कधी झाली ते सांगताना 'सिन्स' वापरते आणि किती काळ झाला ते सांगताना 'फॉर'. त्यातही नुसते 'सिन्स' खोडून 'फॉर' लिहिले तर भागत नाही. 'आय ॲम वर्किंग फॉर थ्री इयर्स' हेही चूकच, क्रियापदही बदलावे लागते : 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स' किंवा 'सिन्स 2022'. खिशातल्या छोट्या शब्दकोशात 'सिन्स'समोर 'पासून' एवढाच अर्थ असेल, तर मुलाने करायचे काय?

'काल'चेही तसेच. 'मी काल अर्ज पाठवला आहे' हे आपण सहज म्हणतो. इंग्रजीत 'यस्टरडे', 'लास्ट वीक', 'इन 2019' अशी सरलेली वेळ आली की 'हॅव' चालत नाही. 'आय सेंट इट यस्टरडे' एवढेच. 'जरी-तरी'ची जोडी मराठीला हवी असते, म्हणून 'ऑल्दो'नंतर 'बट' येतो. दोन्हींपैकी एक काढावा. 'विषयावर चर्चा' मनात असल्याने 'डिस्कस'पुढे 'ऑन' किंवा 'अबाउट' चिकटतो. हे क्रियापद थेट कर्म घेते. 'डिस्कशन' या नामाला मात्र 'ऑन' किंवा 'अबाउट' चालते.

'द' सर्वांत अवघड, कारण मराठीत तसे काही नाहीच. नदीला 'द' लागतो, तलावाच्या नावाला नाही : 'द पंचगंगा', पण 'रंकाळा लेक'. 'द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई', पण 'शिवाजी युनिव्हर्सिटी'.

शब्दांची निवडही दुकानाच्या पाटीवर महागात पडते. 'स्वस्त दर' ही आपली बोली, म्हणून 'कोल्हापुरी चप्पल ॲट चीप रेट' लिहिले जाते. पण इंग्रजीत 'चीप' म्हणजे हलक्या दर्जाचा असाही अर्थ होतो. हाताने शिवलेल्या कातडी चपलेला तो का लावून घ्यायचा? 'ॲट रीझनेबल प्रायसेस' लिहावे.

शाळेत काळांची नावे घोकून घेतली जातात. त्याऐवजी मराठी वाक्य फळ्यावर डावीकडे, इंग्रजी उजवीकडे लिहून दोन्ही कुठे फाटतात तिथे खडूने खूण केली, तर वरच्या सगळ्या चुका आठवीतच सुटतील. आपल्या दैनिकाच्या विद्यार्थी पुरवणीत आठवड्याला अशी एक जोडी छापावी, ही विनंती.

– इंग्रजीचा एक शिक्षक, कोल्हापूर