काकू, तुम्ही मशीनला हात लावला नाहीत त्याबद्दल थँक्यू

प्रिय काकू,

तुमचा मोबाईल फक्त नातवाच्या व्हिडिओ कॉलपुरता, त्यामुळे हे तुम्हाला सूनबाईच वाचून दाखवणार. समोरासमोर बोलले असते तर तुम्ही "आभार कसले गं मानतेस" म्हणत चहा टाकला असता आणि माझं राहून गेलं असतं.

एप्रिलात आपल्या नाशिकचं ऊन 40 च्या घरात गेलं, आणि आमच्या हॉलमधल्या त्या मरून वेल्वेटच्या उशा बघूनच घाम फुटायला लागला. म्हटलं मलमलचे अभ्रे शिवू, चौकोनी तर असतात, त्यात काय एवढं! मेन रोडवरून अडीच मीटर बुट्ट्यांची मलमल आणली, न धुताच कापायला बसले आणि पहिल्याच टिपेला मशीनने कापडाचं टोक खाली ओढून गिळून टाकलं, कसंबसं सोडवलं तर सगळ्या शिवणीला चुण्या. तसंच बोचकं घेऊन तुमच्या दारात आले, खरं सांगायचं तर तुम्हीच शिवून द्याल या आशेने.

तुम्ही आलात, खुर्ची ओढलीत आणि हात मागे बांधून बसलात! तेव्हा रागच आला होता मला.

आधी सुई बघितलीत, 16 नंबर, "ही जीन्सची, मलमलला 11 लाव." मग उरलेलं कापड धुवायला लावलंत, कारण आटणार ते आत्ताच आटू दे, आणि तांदळाच्या पेजेची हलकी खळ देऊन इस्त्री करायला सांगितलीत, त्यानंतर ते घसरेचना. टिपेच्या सुरुवातीला खाली वहीच्या कागदाची पट्टी (पेपरची नको, शाई लागते) आणि दोन्ही दोरे मागे धरून ठेवायचे.

16 इंची उशीला 17 इंच रुंद आणि 38 इंच लांब अशी एकच पट्टी, दोन्ही टोकं दुमडून टीप, मग मागे एकावर एक 4 इंच चढवायची, म्हणजे चेनही नको नि बटणंही नकोत. चेनचं नाव काढल्यावर माझा चेहरा तुम्ही बघितला असणारच. ओव्हरलॉक (कडेचे धागे बांधणारी शिलाई) नाही तर धागे सुटणार ना, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही फक्त हसलात. सुलट बाहेर ठेवून 2 सुतावर (म्हणजे पाव इंचावर) टीप, कडा 1 सुतापर्यंत कातरायच्या, उलटवून परत 2 सुतावर टीप, की धागे आतच बंद! मला तर ही जादूच वाटली.

मरून रंग मात्र मलमलमधून दिसतच होता, तेव्हा काकांच्या जुन्या धोतराचं अस्तर तुम्हीच सुचवलंत, काकांना कळलंय का ते माहीत नाही.

तुम्ही शिवून दिलं असतं तर तासाभरात झालं असतं, मला तीन दुपारी लागल्या, आणि दोनदा उसवताना मी रडकुंडीला आले तरी तुमचे हात मागेच. पण चौथा अभ्रा मी तुम्हाला न विचारता शिवला, काकू. कोपरेसुद्धा टोकदार आलेत.

थँक्यू. आणि हो, शिवण उसवायचं तुमचं ते छोटं हत्यार अजून माझ्याकडेच आहे, आज आणून देणार होते, पण राहू द्या दोन दिवस, आता पडदे कापलेत.

तुमची,
खालच्या मजल्यावरची