क्लिपलेस पेडल घेणाऱ्या नव्या सदस्यांसाठी सूचना

सर्व सदस्यांना नमस्कार. क्लिपलेस पेडल (ज्यात बूट अडकून बसतो असे सायकलचे पेडल) आणि बूट घ्यायच्या विचारात असलेल्यांनी खरेदीआधी हे जरूर वाचावे.

सुरुवात शिमानो कंपनीच्या दोन बोल्टच्या एसपीडी प्रकारानेच करा. त्यात क्लीट (बुटाखाली बोल्टने बसवायची, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) बुटाच्या तळव्यात आत बसते, त्यामुळे चहाला उतरल्यावर नीट चालता येते. तीन बोल्टचे एसपीडी-एसएल रोड सायकलवर वेगासाठी छान, पण फरशीवर पाय घसरतो. बूट आणि पेडल एकाच प्रकारचे आहेत ना, हे दुकानातच तपासा.

शिमानोची एसएच-५१ क्लीट टाच बाजूला वळवली तरच सुटते. एसएच-५६ अनेक दिशांनी सुटते. नवख्यांनी तीच मागून घ्यावी, थोडे पैसे जास्त गेले तरी. पेडलच्या स्प्रिंगचा ताण ३ मिमी अ‍ॅलन कीने सर्वांत कमी ठेवा. गुडघा दुखू लागला तर सहन करत बसू नका, क्लीटची जागा आणि कोन बदलून पाहा. बूट संध्याकाळी, सायकलचे मोजे घालूनच मापा. पेडल स्वतः बसवणार असाल तर डाव्याचे आटे उलटे असतात.

आधी भिंतीला धरून, मग मोकळ्या मैदानात सराव करा. सायकल थांबण्याआधी पाय सोडवायचा, थांबल्यावर नाही. ही सवय होईपर्यंत रविवारच्या राइडला कृपया साध्या पेडलवरच यावे. घोळक्यात एक जण पडला की मागच्यांनाही लागते.

क्लीट बसवायला मदत हवी असल्यास ग्रुपवर कळवा.