तीन नाही, अकरा आठवडे

१४ मे

प्रिय आई आणि बाबा,

बाबा, पाकीट बघून तुम्हाला वाटेल कुठल्या तरी बिलाचं आलंय. बिल नाही, मी आहे. फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणेल. कारण असं की फोनवर मी जरा काही जड बोलायला लागले की बाबा "थांब, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात, आई "जेवलीस का" विचारते, आणि माझं वाक्य घशातच राहतं. गेले तीन रविवार हेच चाललंय.

तर एका दमात लिहून टाकते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला तीन आठवड्यांसाठी जातेय असं सांगितलं होतं ना, ते अर्धंच खरं होतं. उन्हाळी वर्ग तीनच आठवड्यांचा आहे. पण त्याला जोडून तिथल्याच प्रयोगशाळेत आठ आठवडे माझ्या प्रबंधाचं काम करायचंय. म्हणजे अकरा. ४ जुलैला रात्री विमान, १९ सप्टेंबरला परतीचं. व्हिसा गेल्या गुरुवारी हातात पडला. तिकीट काढून झालंय, जायचं आणि यायचं एकत्रच.

थांबा, पत्र लगेच खाली ठेवू नका. आई, तू तर नकोच ठेवूस.

आपल्या घरात "थोड्याच दिवसांसाठी" हे शब्द कसे ऐकू येतात ते मला ठाऊक आहे. दादाच्या वेळी मी दहावीत होते, पण भिंतीला कान माझेही होते. म्हणून तर जीभ तीनवर अडली. बाबा, सायकल शिकवताना तुम्ही सीट धरून पळायचात आणि सोडून दिल्यावरही मागून "धरलंय, धरलंय" ओरडायचात, आठवतं? माझं "तीन आठवडे" त्याच जातीचं होतं. फक्त या वेळी ओरडणारी मी होते.

आता हिशेब बघा, म्हणजे रात्री झोप लागेल. माझा व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच, थोड्या मुक्कामाचा. कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, त्याहून एकही नाही. पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवस धरून माझे ७७ भरतात. पासपोर्टावरच्या स्टिकरवर तारखाही छापलेल्या असतात आणि मुक्कामाचे दिवसही. शिवाय ऑक्टोबर २०२५पासून तिकडे नुसता शिक्का मारून भागत नाही. बोटांचे ठसे ताडून बघतात, फोटो घेतात, आणि दिवस संगणक मोजतो. एक दिवस जास्त झाला तर तोच बोंब मारेल. आणि या व्हिसावर तिथल्या तिथे मुक्काम वाढवून घेता येत नाही सहसा. जास्त राहायचं तर परत यायचं, नव्याने अर्ज करायचा, तेव्हा. नोकरी नाही, पगार नाही, निव्वळ अभ्यास.

क्रेडिटचंही तसंच. युरोपात ६० क्रेडिट म्हणजे एक शैक्षणिक वर्ष, आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. आमच्या उन्हाळी वर्गाला चार आहेत. तीन आठवड्यांत बसवायचे तर रोजचे सात-साडेसात तास होतात, तेव्हा मावशीला सांग, मी फिरायला चाललेली नाही. हे क्रेडिट तिथे ठेवून काही उपयोगाचे नाहीत. गुणपत्रक घेऊन इथे यायचं, इथल्या विभागाने ते उतरवून घ्यायचं, तेव्हा कुठे माझे. निघायच्या आधी लर्निंग अॅग्रीमेंट नावाचा एक कागद होतो. त्यावर मी, इथलं कॉलेज आणि तिथलं विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या लागतात. त्या तीन सह्या मिळवायला मला पाच आठवडे लागले. एक साहेब तर दर वेळी जागेवर नसायचे. इतक्या खस्ता खाऊन मिळवलेला कागद वाया घालवून मी परत येणार नाही, असं होईल का?

आई, तू विचारलंस हे असलं फॅड कुणी काढलं. फॅड नाही गं. इंजिनीअरिंगचा अभ्यासक्रमच असा असतो की एक विषय दुसऱ्याच्या खांद्यावर उभा. मधलं एक वर्ष काढून बाहेर गेलं की खालचा विषय सुटतो आणि वरचा कळत नाही. त्यामुळे आमच्यातल्या पोरांना वर्षभर जाणं परवडत नाही, दोन-तीन आठवडे किंवा एखादा उन्हाळा जमतो. युरोपातल्या विद्यार्थ्यांची इरॅस्मस म्हणून जी अदलाबदल आहे, ती १९८७ची. म्हणजे तुमच्या लग्नाच्या वर्षीची. लग्नाला कुणी फॅड म्हटलं नव्हतं.

पुढचा परिच्छेद बाबांसाठी. आई, तू चष्मा पुस.

बाबा, तुम्ही पावसाळ्यात रात्री कालव्याच्या भरावावर बॅटरी घेऊन जायचात आणि सकाळी आल्यावर म्हणायचात, "वरून फुटलेलं दिसतं, खालून फुटतं ते दिसत नाही." माझा प्रबंध म्हणजे तुमचं ते वाक्य आहे, फक्त त्याला दीडशे पानं लागतात. नदीकाठच्या बंधाऱ्याखाली वाळूचा थर असतो. नदी चढली की पाणी त्या थरातून पलीकडे पाझरतं आणि बाहेर येताना वाळू घेऊन येतं. जमिनीवर छोटा ज्वालामुखी असावा तसा वाळूचा गोल ढीग होतो, मधोमध पाणी बुडबुडत असतं. तिथून वाळूत एक पोकळ नळी उलटी, नदीच्या दिशेने, कुरतडत जाते. इथे आमच्या लॅबमध्ये काचेसारख्या पारदर्शक पेटीत मी ती बघितलीय. दोन-तीन मिलिमीटर उंचीची, पेन्सिलीच्या शिशाएवढी. तासभर काहीच हलत नाही, मग एकेक कण निघतो, जणू कुणी आत बसून निवडतंय. नळी नदीला भिडली की वरचा अख्खा बंधारा बसतो.

डच लोक यावर काय करतात माहीत आहे? वाळू घेऊन पाणी उसळतं तिथे पोत्यांचं कडं रचतात, विहिरीच्या कठड्यासारखं. पाणी अडवत नाहीत, ते येऊच देतात. कड्यात पाणी चढलं की नदीच्या आणि कड्यातल्या पाण्याच्या पातळीतला फरक कमी होतो आणि वाळू जागच्या जागी थांबते. १९९५ला ऱ्हाईनच्या पुरात अडीच लाख माणसं हलवली होती, तेव्हाही अशी कडी रचली होती. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, हे आम्हीही करायचो. करत होतातच.

आता आठ आठवडे का, ते. एका पेटीत वाळू भरायची म्हणजे पाण्याखाली, थर थर, हवेचा बुडबुडा न राहू देता. भरायलाच काही दिवस जातात, आणि बिघडली की पुन्हा पहिल्यापासून. तीन आठवड्यांत एक प्रयोग धड झाला नसता. मी नुसती बघून आले असते. बघून यायला चार वर्षांची नोकरी सोडून पुन्हा कॉलेजात बसले नाही मी. हे जरा तोऱ्यात झालं, पण राहू दे.

आणि तो समुद्रकाठ मला बघायचाय. ३१ जानेवारी १९५३च्या रात्री तिथे समुद्र आत शिरला आणि १८३६ माणसं गेली. त्यानंतर त्यांनी जे बांधायला घेतलं त्यातलं पूर्व शेल्टचं धरण १९८६ला पुरं झालं. जवळजवळ नऊ किलोमीटर लांब, पोलादी दरवाजे ६२. एरवी उघडे, वादळातच बंद. पण मला सगळ्यात आवडते ती त्याच रात्रीची एक गोष्ट. हॉलंडशे आयसेल नदीकाठी एक बंधारा फुटला होता. पहाटे एका नावाड्याला सांगितलं, तुझी बोट त्या भगदाडात घाल. त्याने आडवी नेऊन बरोबर बसवली. बोटीच्या नावाचा अर्थ "दोन भाऊ". दादाला मी हे फोनवर सांगितलं तर तो बराच वेळ काही बोललाच नाही. नेटवर्क गेलं असेल.

माझ्या राहण्याची काळजी नको. खोली स्वतंत्र आहे, स्वयंपाकघर सहा जणींत एक, कपाटाचा एक खण माझा, फ्रिजचा एक कप्पा माझा. बिछाना मिळतो, पांघरूण मी नेतेय. जुलैत तिकडे थंडी नसते, पण वारा असतो आणि पाऊस तिरका येतो, म्हणून छत्रीऐवजी टोपीचं जाकीट घेतलंय. सायकल भाड्याने. तिथल्या बऱ्याच सायकलींना हाताचा ब्रेक नसतो, पायडल उलटं दाबायचं. पहिला आठवडा मी धडपडणार, ते आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे व्हिडिओवर गुडघ्याची पट्टी बघून रडायचं नाही. विमा काढलाय, ३०,००० युरोंचा. त्याशिवाय व्हिसाच देत नाहीत. तातडीचा नंबर ११२. आणि आई, तू लहानपणी म्हणायचीस ना, दिवेलागणीच्या आत घरी ये? जुलैत तिकडे दिवेलागण रात्री दहाला होते. मी तुझा नियम तंतोतंत पाळणार आहे.

आता ज्याच्यासाठी हात अडत होता ते. बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ऑगस्टमध्ये ठरलं होतं. मी डॉक्टरांशी बोलले आणि ते ९ जूनला घेतलंय. तुम्हाला विचारलं नाही, बाबा. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसतात. "डोळ्याची काय घाई, तू आधी जाऊन ये" म्हणाला असतात, आणि सप्टेंबरपर्यंत एक डोळा मिटून पेपर वाचला असतात. तुमच्या त्या "जाऊन ये"चीच मला भीती वाटते. मी ६ जूनला घरी येतेय, ३ जुलैपर्यंत आहे. थेंब मीच टाकणार. पुढचे थोडे दिवस आईने टाकायचे, वेळा मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावते.

तोवर आणि नंतर, दोघांनी ऐकायचं. आई, बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. बरं वाटतं ते गोळीमुळेच. उठल्यावर मशीन लावून आकडा वहीत लिहायचा, आणि मला खरा सांगायचा, गोल करून नाही. बाबा, ऑपरेशननंतर वाकून काही उचलायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्कूटरची किल्ली आईकडे. स्टुलावर दोघांपैकी कुणीही चढायचं नाही. बल्ब गेला तर अंधारात बसा. माळ्यावरची निळी बॅग काढू नका, मला नको आहे, मी नवी घेतलीय. ती आहे तिथेच राहू दे.

फोन रोज. तिकडे घड्याळ साडेतीन तास मागे आहे. तुमचे रात्रीचे साडेआठ म्हणजे माझे पाच, लॅब संपायची वेळ. एखाद दिवस पेटी भरत असले तर उशीर होईल, म्हणून नऊपर्यंत वाट बघायची आणि मगच काळजी सुरू करायची.

"दादासारखं होणार नाही" असं शपथेवर लिहिणार होते. लिहिलंही होतं. मग खोडलं, कारण दादानेही जाताना खोटं सांगितलं नव्हतं. त्यालाही तेव्हा तसंच वाटत होतं. मला एवढंच पक्कं माहीत आहे की १९ सप्टेंबरला मी विमानात असेन आणि डिसेंबरात प्रबंध इथे जमा करायचाय. त्यापुढचं मी अजून विचारात घेतलेलं नाही, आणि घेतलं तर या वेळी आधी तुम्हाला सांगेन. आकडा न बदलता.

रागावलात तर फोनवर रागवा, गप्प बसू नका. गप्प बसलेले बाबा मला अजून झेपत नाहीत.

तुमची,
चिमी

ता. क. रविवारी साडेआठला फोन करते आहेच. तोवर हे पोहोचलं नसेल, तर मी फोनवर तीनच आठवडे म्हणेन. पत्र मिळालं की एक मिस्ड कॉल द्या, म्हणजे मला पुन्हा तीन म्हणावं लागणार नाही.